रातभर भरणारी गाडी

आलापल्लीतून नागेपल्लीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक कौलारू घर आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर, छातीच्या उंचीला, सागवानी झाकणाचं एक खोकं ठोकलेलं आहे. नवा माणूस विचारतो, पोस्टाची पेटी का? पेटी नाही. आत विजेचं सॉकेट आहे, एकुलतं एक. भिंतीच्या बुडाशी जमिनीत विटांची छोटी चौकट आहे आणि घरमालक रोज सकाळी तिच्यात बादलीभर पाणी ओततो. तिथं झाड नाही, वेल नाही. तुळशीचा तर प्रश्नच नाही, घर बौद्धाचं आहे. लोक म्हणतात, श्रावणभाऊचं डोकं फिरलं. लोकांना तोंड आहे, ते चालवतात. त्या तोंडांसाठीच हे लिहायला बसले.

श्रावण रामटेके वनखात्याच्या लाकूड डेपोत फाटकावर होते. लिलाव झाला की ठेकेदारांचे ट्रक यायचे. पासवर जितके सागाचे गोल, म्हणजे ओंडके, लिहिलेले, तितके ट्रकमध्ये मोजायचे, प्रत्येकाच्या तोंडावर हातोड्याचा शिक्का बघायचा, मग फाटक वर. एक गोल कमी असला तरी फाटक खाली. ठेकेदार बोंबलायचे, "अबे, कमीच नेऊन राह्यलो ना, जास्त तं नाई!" श्रावणभाऊ खुर्चीवरून न उठता म्हणायचे, "भरली नाई गाडी, तं जाईन कशी?" हे वाक्य डेपोत इतकं चालायचं की पोरंसोरं त्यांना रस्त्यात पाहून तेच ओरडायची.

माणूस बोलका नव्हता. बोलणं सगळं त्यांच्या बायकोकडे, पंचफुलाबाईंकडे होतं. त्या गेल्या आणि घर मुकं झालं. मुलगी एकच, नंदिनी. हैदराबादला एका औषधांच्या प्रयोगशाळेत आहे, लग्नही तिकडेच केलं. वर्षातून दोनदा यायची. सकाळी यायची, बापाच्या गोळ्या तपासायची, फ्रिज पुसायची, जेवायची, दुपारी निघायची. भांडण नाही, रुसवा नाही. कामाची पोरगी, दुसऱ्या दिवशी तिची ड्यूटी.

आणि मी? मी शेजारीण. गावातली लाइन गेली की माणसं आधी मला फोन करतात, मग वीज ऑफिसला. शिक्षण नववी. विजेचे नियम स्वतः वाचून पाठ केले, त्यामुळे ऑफिसात मला कोणी 'नंतर या' म्हणत नाही. एकदा म्हणून पाहिलं होतं.

तर नंदिनीचा फोन आला तेव्हा मी तिथंच चहा पीत होते. श्रावणभाऊंना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजात.

"बाबा, जुनी गाडी विकली. आता बॅटरीची घेतली."

"बरं केलं. धूर नाई, खोकला नाई."

"ऐका ना बाबा. मंचेरियालपर्यंत चार्जिंग भेटते. तिथून पुढं सिरोंच्याकडून घरापर्यंत काहीच नाही. येणं होईल, पण परत जायला पुरणार नाही. आपल्या घरी लावता आली पाहिजे."

"लावू ना. कूलरच्या बोर्डात लाव."

"कूलरच्या नाही, बाबा! घर जळेल. चांगलं सॉकेट लागते, वेगळी वायर लागते, अर्थिंग लागते. अर्थिंग नसलं तर चार्जरवर लाल लाइट येतो, भरतच नाही. वाजिदभाईले विचारा. नसेल होत तर राहू द्या. मग बघू पुढं केव्हातरी."

फोन बंद झाला. श्रावणभाऊ त्याच्याकडे बघत बसले. मग मला म्हणाले, "रश्मीबाई, पुढं केव्हातरी म्हणजे नाईच ना?"

मी म्हटलं, "होत कसं नाई? मी हावो ना."

वाजिदचं चौकात दुकान आहे. पंखे, मोटारी, घरांची वायरिंग, सगळं करतो. तो आला, स्वयंपाकघरातला कूलरचा बोर्ड त्यानं उघडला आणि शिट्टी मारली. आत काळं पडलं होतं. "श्रावणभाऊ, हा बोर्ड नाई, चूल हाय. भाकर शेका याच्यावर."

बाजूच्या घरातला खुशाल कुंपणावरून वाकून बघत होता. शिलाईकाम करतो, पण अक्कल वाटायला कायम मोकळा. "खिडकीतून एक्स्टेंशन काढून द्या न. माही मशीन त्याच्यावरच चालते."

"तुही मशीन दहा मिनटं चालते अन् तू तासभर गप्पा हाणते," वाजिद म्हणाला. "गाडी तशी नाई. एकदा लावली की घंटो-घंटो एकसारखी ओढत राह्यते. एक्स्टेंशनची पातळ वायर मेणबत्तीवाणी वितळन. मीटरपासून सीधी जाडी वायर पायजे, त्याचं स्वतःचं एमसीबी पायजे, अन् त्या लाइनीवर दुसरं कायबी नाई. मोबाइलचं चार्जरबी नाई."

मग त्यानं दोन वस्तू ओट्यावर मांडल्या. एक पंधरा अँपिअरचं पॉवर सॉकेट, गीझरला असतं तसं, पण चांगल्या कंपनीचं, जाड पत्तीचं. दुसरं निळं, गोल, झाकणाचं, कारखान्यात असतं ते बत्तीसचं. नंदिनीच्या गाडीसोबत दोन्ही चार्जर आले होते, फोनवर तिनंच सांगितलं. पण निळं लावायचं तर मीटरचा लोड वाढवून आणावा लागणार होता.

मी निळं उचललं. "हेच लागन."

मला लहान वस्तूंचा राग येतो. आमच्या वस्तीला नळ लहान, रस्ता लहान, खांबावरचा दिवा लहान. मोठं समोर असताना लहान घ्या म्हणणाऱ्याशी माझं जमत नाही. श्रावणभाऊ निळं सॉकेट हातात घेऊन त्याचं झाकण उघडझाक करत राहिले.

मी वीज ऑफिसात गेले. तिथला एक साहेब हसला. "जंगलात बॅटरीची गाडी? ताई, कोण चालवणार, अस्वल?"

मी म्हटलं, "अस्वल खुर्चीवर बसून पगार घेते, तं गाडी काऊन नाई चालवणार?"

आजूबाजूचे हसले. साहेबही हसला, तेवढा मोठेपणा त्याच्यात होता. दोन-चार चकरा झाल्या, एकदा आवाज चढला, पण लोड मंजूर झाला. मी तो जिंकून आणला, असंच मला वाटत होतं. वस्तीत बत्तीसचं सॉकेट पहिल्यांदा लागणार होतं.

इकडे श्रावणभाऊंनी अर्थिंगचा खड्डा स्वतः खोदला. वाजिद माणूस देतो म्हणत होता, त्यांनी ऐकलं नाही. मे महिन्याची जमीन, लोखंडी सब्बल मारली की ठणठण वाजायची. कमरेहूनही खोल खणत गेले, दम खात, पाणी पीत. मग वाजिदनं पाइप उभा केला, भोवती लाकडी कोळसा आणि खडेमीठ, थरावर थर. "आता याले रोज पाणी पाजा," तो म्हणाला. "जमीन सुकली की अर्थिंग मेलं. अन् अर्थिंग मेलं तं गाडीवर लाल लाइट."

"रोज म्हणजे रोज?"

"उन्हाळाभर तं रोजच. लेकरू समजा."

श्रावणभाऊंनी मान हलवली. त्या दिवसापासून सकाळचं पहिलं काम ते. स्वतःचा चहा नंतर.

भिंतीवरचं खोकं त्यांनी जुन्या कपाटाच्या फळ्यांतून बनवलं. खुशालनं विचारलं, "सागवान कुठून आणलं भाऊ?" आमच्या भागात सागाच्या कपच्यालाही हा प्रश्न येतो. "पावतीचं हाय," श्रावणभाऊ म्हणाले. डेपोतला माणूस, दुसरं काय म्हणेल.

सॉकेट बसवायच्या दिवशी मी मुद्दाम थांबले. वाजिदनं वायर ओढली, खोकं ठोकलं आणि निळं सॉकेट हातात घेतलं. तेव्हा श्रावणभाऊंनी विचारलं, "वाजिद, याच्यावर गाडी किती वेळात भरते?"

"तीन-चार घंटे, समजा."

"अन् त्या लहान्यावर?"

"अरे, ते तं बैलगाडी हाय. पुरी भरायले रात जाईन."

श्रावणभाऊंनी त्याच्या हातातून निळं काढून घेतलं आणि पंधराचं दिलं. "हे लाव."

माझं डोकं तापलं. "काऊन? लोड आणला ना मी! भांडून आणला!"

"घाईनं वाळवलेलं लाकूड फाटते, बाई. बॅटरीबी फाटन घाईनं भरली तं."

"भाऊ, बॅटरी लाकूड नाई! कंपनीनंच मोठा चार्जर देल्ला. तुमच्या पोरीनं स्वतः सांगितलं. मंग तुमचं काय मधातच?"

"घर माहं हाय."

"हाय ना! मंग राहा घरातच!"

मी चप्पल घातली. फाटकाशी पोचले तर मागून ते म्हणाले, आवाज न चढवता, जणू वाजिदलाच सांगत होते, "मोठं लावलं तं जेवेपर्यंत भरन. जेवून जाते पोरगी दरवेळेस. झोपली नाई इथं कधी. पंचफुला गेली, तिच्या पुण्यानुमोदनाच्या रात्री झोपली होती, तेच शेवटचं."

वाजिद स्क्रू आवळत होता, तो थांबला. मी फाटकाला हात लावून उभी राहिले. मग परत आले आणि ओट्यावर बसले. वाजिदनं पंधराचं सॉकेट बसवलं, टेस्टर लावून दाखवला, झाकण बंद केलं. निळं सॉकेट श्रावणभाऊंनी कापडात गुंडाळून खाटेखाली सरकवलं.

नंदिनीचा यायचा दिवस ठरला तसं ते घर हळूहळू हलायला लागलं. सागवानी खाट अंगणात कडुनिंबाखाली आली, खालची निळ्या सॉकेटची गुंडाळीही तिच्यासोबत. तिच्या पट्ट्या त्यांनी नव्यानं विणल्या. मच्छरदाणी धुतली, वाळवली, पुन्हा धुतली. दोन उशा. मला म्हणाले, "तिले पातळ उशी लागते का जाड, तुले ठाऊक हाय का?" मला कसं ठाऊक असणार? त्यांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून दोन.

ती आली तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. एकटीच, पहाटेपासून गाडी चालवत. पांढरी गाडी, आवाज नाही. फाटकातून आत आली तरी श्रावणभाऊंना कळलं नाही, ते रस्त्याकडेच बघत होते.

"बाबा!"

ते वळले. गाडीवरून एकदा हात फिरवला, मग मुलीच्या डोक्यावरून. क्रम चुकला हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी पुन्हा एकदा तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

तिनं डिकीतून चार्जर काढला. श्रावणभाऊंनी सागवानी झाकण उघडून धरलं. प्लग बसला. आम्ही तिघं त्या चार्जरच्या दिव्याकडे बघत होतो. एकदा लुकलुकला, विचार करत असल्यासारखा थांबला आणि हिरवा झाला.

"अर्थिंग मस्त आहे बाबा! माझ्या अपार्टमेंटमध्ये सुद्धा पहिल्या झटक्यात नाही लागत." ती भिंतीकडे बघत होती. "पण मोठं काऊन नाही लावलं? लोड तर भेटला होता ना?"

श्रावणभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी कडुनिंबाकडे.

"लहान बरं," ते म्हणाले. "कधी भरन हे?"

तिनं मोबाइलवर पाहिलं. "पूर्ण भरायला? अर्धी रात्र होईल."

त्यांचा चेहरा उजळला. मी त्या माणसाला इतकं एकदम बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. "मंग आंघोळ-गिंघोळ कर. झिंग्याची भाजी केली हाय. खाट टाकून ठेवली, पट्ट्या नवीन हायत, वारा चांगला येते इथी..."

"पण पूर्ण कशाला, बाबा? मंचेरियालपर्यंत जाण्यापुरती झाली की बस. चार वाजेपर्यंत होते तेवढी. तिथं लावीन पुन्हा."

"अर्धवट?"

"हो. अर्धवट चालते."

"भरली नाई गाडी, तं जाईन कशी?"

नंदिनी हसली. प्रेमानंच हसली, ते सांगायला पाहिजे. "बाबा, हा डेपो नाही."

हे मलाही सुचलं नव्हतं. वाजिदलाही नाही. आम्ही सगळे पूर्ण भरण्याचाच हिशेब धरून बसलो होतो. श्रावणभाऊंनी खाटेवरची पातळ उशी उचलली, झटकली, परत ठेवली आणि पानं वाढायला आत गेले.

जेवताना ती बोलत होती, कामाचं, हैदराबादच्या गर्दीचं. ते हुं हुं करत होते. फोन वाजला की ती उठून अंगणात जायची, ते तिच्या ताटावर दुसरं ताट झाकायचे. तिनं गोळ्या तपासल्या. फ्रिज पुसायला घेतला.

तेवढ्यात वावधान सुटलं. उन्हाळ्यात आमच्याकडे असं अचानक सुटतं, धुळीचा लोट आणि कौलं उडवणारा वारा. दूर कुठंतरी कडाड झालं. पंखा फिरत फिरत थांबला. नंदिनी फडकं हातात घेऊन बाहेर धावली. चार्जरचा हिरवा दिवा गेला होता.

वारा निवला आणि माझा फोन सुरू झाला. एक झाला की दुसरा. ताई, लाइन गेली. ताई, तारेवर झाड पडलं म्हणतात. खुशाल कुंपणाशी आला, "ताई, लावा न फोन साहेबाले. तुम्ही लावल्याबिगर ते उठत नाईत."

मी फोन काढलाच होता. नंबर पाठ आहे. तेव्हा श्रावणभाऊ स्वयंपाकघराच्या दारात आले. हातात नंदिनीचा पाण्याचा पेला. फार हळू बोलले.

"रश्मीबाई. आज राहू दे."

एवढंच. मागे नंदिनी आत फ्रिज लावत होती.

मी कुंपणाशी गेले. खुशालला म्हटलं, "ऑफिसात लोकं लावून राह्यले. झाड पडलं तं वेळ लागनच." फोन बंद करून पदराला बांधला. ज्यांना माझ्यावर राग आहे त्यांनी धरावा. झाड माझ्या फोननं उठलं असतं की नाही, मला माहीत नाही. मी लावला नाही, बस्स.

उकाडा वाढला. नंदिनी पुठ्ठ्यानं वारा घेत होती. श्रावणभाऊंनी गाडीकडे बोट दाखवलं. "गाडीत बस ना. एसी लाव."

"बॅटरी उतरेल ना, बाबा."

"थोडी उतरन. काय होते?"

त्यांचा चेहरा इतका साधा होता की मला तोंड फिरवावं लागलं. ती बसली नाही. पण खाटेवर आडवी झाली. चार वाजता मोबाइल बघितला, उठून प्लग काढून पुन्हा लावला, मग खिन्नपणे म्हणाली, "नाही पुरत. आणि आता उशिरा जंगलातून नको." ऑफिसात फोन लावला, उद्या अर्धा दिवस म्हणाली. श्रावणभाऊ हे सगळं भिंतीला टेकून ऐकत होते. आनंद झाला असं म्हणू? तसा दिसला नाही. एखाद्याचा ट्रक त्यांनी विनाकारण अडवून ठेवला असावा, तसे उभे होते.

संध्याकाळ उतरताना मी घरी निघाले. नंदिनी तेव्हाच झोपली होती, हात डोळ्यांवर. पातळ उशी डोक्याखाली, जाड उशी छातीशी धरलेली. श्रावणभाऊंनी मच्छरदाणी सोडली, चारी कोपरे खाटेखाली खोचले आणि खुर्ची घेऊन बाजूला बसले. बोलायला जागं कोणीच नव्हतं. मी जाते म्हटलं, त्यांनी नुसता हात वर केला, आवाज नको म्हणून.

लाइन रात्री लवकरच आली. सकाळी मी गेले तर गाडी नव्हती. अंगणात चाकांच्या दोन ओळी होत्या, फाटकापर्यंत. मच्छरदाणी तशीच टांगलेली, आत दोन उशा. श्रावणभाऊ भिंतीपाशी वाकून त्या विटांच्या चौकटीत पाणी ओतत होते.

"गेली?"

"उजाडता उजाडता गेली. पुरी भरून गेली."

"काही बोलली?"

"नाई. थकली होती, झोपलीच. मायसारखी घोरते. मले ठाऊकच नव्हतं." त्यांनी रिकामी बादली पालथी घातली. "जाताना म्हणे, बाबा, पुढच्या वेळेस मोठं लावून ठेवा, लय वेळ जाते याच्यात."

खाटेखाली कापडात गुंडाळलेलं निळं सॉकेट दिसत होतं. मी म्हटलं, "मंग? वाजिदले धाडू का आज?"

ते खाटेपाशी गेले. मच्छरदाणीचा एक कोपरा सुटला होता, तो पुन्हा खोचला.

"धम्मचक्र दिनाले येतो म्हणाली," ते म्हणाले. "ते येऊन जाऊ दे. मंग लावू."